उष्ण हवेतील किण्वन : जव्हार-मोखाडा परिसरातील मोहमद्य, ताडी आणि अबकारी कायद्याचा इतिहास

प्रस्तावना :

मद्यनिर्मितीच्या इतिहासावर आजवर झालेले बहुतेक लेखन महसूल, दारूबंदी आणि समाजसुधारणा या तीन अंगांनी झालेले दिसते. मद्य तयार होते कसे, त्यासाठी कोणते ज्ञान लागते आणि ते ज्ञान कोणाजवळ होते, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकांनी प्रायः रसायनशास्त्राच्या विभागाकडे सोपवून दिला आहे. प्रस्तुत शोधनिबंधात हा प्रश्न जव्हार व मोखाडा या दोन तालुक्यांच्या संदर्भात विचारात घेतला आहे. त्यासाठी किण्वनाचे तापमान हा एकच धागा हाती धरला आहे. हा धागा वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. परंतु युरोपात ज्या काळात थंडीला उत्तम मद्याची पूर्वअट मानले गेले, त्याच काळात ठाणे जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यात ऐन चैत्र-वैशाखाच्या उन्हात आंबवण होत होते. त्यास पुढे कायद्याने गुन्हा ठरविले. या दोन घटनांचा परस्परसंबंध तपासणे उपयुक्त ठरेल असे वाटते.

प्रस्तुत लेखकाचे अध्यापन याच परिसरात चालते. ‘अबकारी धोरण’ हा घटक वर्गात शिकवताना एरवी बोलके असणारे विद्यार्थी खाली मान घालून बसतात, हा अनुभव या लेखनामागे आहे. ज्या विषयाची सर्वाधिक माहिती त्यांच्या घरी आहे, नेमक्या त्याच विषयावर ते गप्प असतात.

थंडीचे शास्त्र :

लागर या प्रकारच्या बिअरचा इतिहास म्हणजे बऱ्याच अंशी थंडीचा इतिहास होय. बव्हेरियाचा ड्यूक पाचवा आल्ब्रेख्त याने १५५३ मध्ये २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या काळात बिअर गाळण्यास मनाई केली. उन्हाळ्यात गाळलेली बिअर नासते, हा त्यामागील अनुभव होता. सूक्ष्मजीव म्हणजे काय हे तेव्हा कोणास ठाऊक नव्हते. तथापि या मनाईचा परिणाम असा झाला की, केवळ हिवाळ्यात काम करू शकणारे, पात्राच्या तळाशी बसणारे यीस्ट तेथे पिढ्यान्‌पिढ्या निवडले गेले. तयार बिअर उन्हाळाभर तळघरात साठवली जाई. तळघरांवर सावली राहावी म्हणून चेस्टनटची झाडे लावीत आणि त्या झाडांखाली बसून लोक बिअर पीत. आज जगप्रसिद्ध असलेल्या बव्हेरियन बिअर-बागांचा उगम असा एका तांत्रिक गरजेत आहे.

एकोणिसाव्या शतकात या अनुभवाला शास्त्राचा आधार मिळाला. लुई पाश्चर यांनी किण्वन ही सजीव प्रक्रिया असल्याचे दाखविले व १८७६ मध्ये बिअरवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. कार्ल फॉन लिंडे यांच्या शीतयंत्रामुळे १८७० च्या दशकापासून थंडी कारखान्यात निर्माण करता येऊ लागली. १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल क्रिश्चियन हान्सेन यांनी एकाच पेशीपासून वाढविलेले शुद्ध यीस्ट वापरात आणले. येथून पुढे आठ ते तेरा अंश सेल्सिअस तापमान, शुद्ध यीस्ट आणि दीर्घ साठवण ही त्रयी ‘शास्त्रशुद्ध’ मद्यनिर्मितीची कसोटी बनली.

हिंदुस्थानात आलेल्या इंग्रजांनी हीच कसोटी बरोबर आणली. अमेरिकेतील बर्फ जहाजातून १८३३ मध्ये कलकत्त्यास व १८३४ मध्ये मुंबईस पोचले, परंतु ते पेयात घालण्यापुरते. मद्य आंबविण्याजोगी थंडी जहाजातून आणता येत नव्हती. म्हणून एडवर्ड डायर याने १८५५ मध्ये आपला कारखाना हिमालयाच्या पायथ्याजवळच्या कसौलीस उभारला. हवामान बदलता येत नाही, तेव्हा थंड हवा असेल तेथे जावे, असा हा व्यवहार होता. जव्हारलाही पुढे ‘ठाणे जिल्ह्याचे महाबळेश्वर’ म्हटले गेले. मात्र साडेचारशे मीटरच्या आसपासची ही उंची बिअरच्या दृष्टीने काहीच नव्हे. येथील उन्हाळा कोणत्याही अर्थाने बव्हेरियन नाही.

या कसोटीला अपवाद युरोप-अमेरिकेतही होते, हे लक्षात घेतले पाहिजे. कॅलिफोर्नियात सोन्याच्या शोधात लोटलेल्या वस्तीत बर्फ मिळत नसल्याने लागरचेच यीस्ट उथळ, रुंद पात्रांत सौम्य उबदार हवेत वापरले गेले आणि ‘स्टीम बिअर’ हा स्वतंत्र प्रकार जन्मास आला. तो टिकवून धरणारा सॅन फ्रान्सिस्कोचा अँकर हा कारखाना १८९६ पासून त्या नावाने चालला व २०२३ मध्ये बंद पडला. अलीकडे तर घरी बिअर तयार करणारे हौशी लोक लागरचे कोरडे यीस्ट अठरा-वीस अंशांवर सर्रास वापरतात. बव्हेरियातील वायहेनस्टेफान येथून प्रसृत झालेल्या एका सुप्रसिद्ध जातीचे कोरडे यीस्ट विकणारे उत्पादकही आता अठरा अंशांपर्यंतची मुभा देतात. यीस्ट पुरेसे घातले आणि पहिल्या दोन-तीन दिवसांत उष्णता आवाक्यात ठेवली तर केळ्यासारखा वास देणारी एस्टर द्रव्ये व जड अल्कोहोले फारशी वाढत नाहीत, असा त्यांचा अनुभव आहे. यामागचे एक कारण यीस्टच्या वंशातच आहे. लागरचे यीस्ट संकरज असून त्याचे एक जनक म्हणजे पाव व ताडी यांतले नेहमीचे यीस्ट होय. थंडी सोसणारे दुसरे जनक २०११ मध्ये पातागोनियाच्या जंगलात सापडले. म्हणजे उष्णतेत काम करण्याची क्षमता या यीस्टमध्ये मुळातच अर्धी आहे. जी थंडी तीनशे-चारशे वर्षे अटळ मानली गेली, ती त्या हवेत व त्या काळात सोयीची ठरलेली पद्धत होती, एवढेच आता म्हणता येते.

मोह आणि ताडी :

जव्हार-मोखाड्यात वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी आदी समाजांची वस्ती आहे. येथील मोहाला फाल्गुन-चैत्रात बहर येतो. फुले रात्री उमलतात व पहाटे गळतात. उजाडण्यापूर्वी झाडाखालची जागा झाडून ठेवणे आणि फुले वेचणे हे बायका-मुलांचे काम. वाळलेल्या फुलाच्या वजनाचा अर्ध्याहून अधिक भाग साखर असते. ती भाजून, उकडून खाल्ली जातात. टंचाईच्या महिन्यांत ती पोटाला आधार देतात. बियांचे तेल निघते. तेव्हा मोह म्हणजे दारूचे झाड, हे समीकरण ज्यांनी रूढ केले त्यांनी त्या झाडाचा एकच उपयोग पाहिला होता असे म्हणावे लागेल.

वाळलेली फुले मडक्यात पाण्यात भिजत घालतात. धान्याची बिअर करायची तर आधी पिष्टाची साखर करावी लागते. म्हणून छोटानागपूरच्या आदिवासींत हांडियासाठी तांदूळ व वनस्पती यांच्या वाळवलेल्या गोळ्या वापरतात, त्यांस रानू म्हणतात. कारखान्यात तयार होणारे कोरडे यीस्ट दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यासाठी विकसित झाले. पण यीस्ट वाळवून साठवण्याची कल्पना त्याहून कितीतरी जुनी आहे, हे रानूवरून कळते. मोहाला त्याचीही गरज पडत नाही. साखर फुलातच तयार असते आणि यीस्ट फुलाबरोबर व जुन्या मडक्याच्या सच्छिद्र भिंतीतून येते. म्हणून नवे मडके आणि वापरातले मडके यांत फरक केला जातो. हान्सेनने काचेच्या नळीत जे केले, त्याच्याच एका ओबडधोबड रूपाचे काम येथे मातीचे भांडे करते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होईल. परंतु मागच्या आंबवणातून पुढचे आंबवण सुरू करण्याचे तत्त्व दोहोंत आहे.

तीस अंशांवर हे यीस्ट झपाट्याने काम करते. चार-पाच दिवसांत आंबवण पुरे होते. पारा पस्तिशीच्या वर गेला की अल्कोहोल सोसण्याची त्याची शक्ती घटते आणि आंबूस जिवाणूंचा जोर वाढतो. त्यामुळे मडके सावलीत, जमिनीत अर्धे पुरून किंवा ओढ्याच्या काठी ठेवणे, बुडबुडे मंदावताच वेळ न दवडता भट्टी लावणे, ही काळजी घ्यावी लागते. भट्टी म्हणजे चुलीवरचे मडके, त्यावर दुसरे मडके, आत थेंब गोळा करणारे भांडे आणि सर्वांत वर थंड पाणी. वरचे पाणी तापले की बदलावे लागते. ‘पहिल्या धारेची’ हा शब्दप्रयोग मराठीत सर्वतोमुखी झाला आहे, पण तो मुळात ऊर्ध्वपातनाच्या टप्प्यांचे वर्गीकरण आहे, हे सहसा ध्यानात येत नाही.

येथे या निबंधाचा मुख्य मुद्दा येतो. लागर गाळली जात नाही. किण्वनात जे जे निर्माण होते ते सर्व पेल्यात उतरते. म्हणून तेथे थंडी अपरिहार्य वाटली. मोहाचे आंबवण मात्र पुढे भट्टीवर जाते. उष्णतेत वाढलेली काही द्रव्ये धारेच्या आरंभी व शेवटी अलग करता येतात, आंबटपणाचा मोठा भाग मडक्यात मागे राहतो. ताडीची तऱ्हा आणखी निराळी. ताड व शिंदी यांचा रस झाडावर लटकलेल्या मडक्यातच आंबू लागतो. सकाळी गोड असणारा रस संध्याकाळपर्यंत चार-पाच टक्के अल्कोहोलचा होतो आणि दुसऱ्या दिवशी शिरक्याच्या वाटेला लागतो. तेव्हा तो त्याच दिवशी संपविणे हाच त्यावरचा उपाय. आंबवण मुळीच नको असेल तर मडक्यास आतून चुना लावतात व नीरा मिळवतात. म्हणजे बव्हेरियाने तापमानावर नियंत्रण ठेवले, ताडी काढणाऱ्याने वेळेवर आणि मोह गाळणाऱ्याने धारेवर. तिन्ही पद्धती आपापल्या हवेशी सुसंगत आहेत. त्यांपैकी एकीलाच शास्त्र म्हणायचे व उरलेल्या दोहोंना सवय म्हणायचे, हा भेद प्रयोगशाळेने ठरविलेला नाही.

सीमारेषेच्या दोन बाजू :

तो प्रामुख्याने महसूल खात्याने ठरविला. मुंबई अबकारी कायदा १८७८ मध्ये झाला. सर चार्ल्स प्रिचर्ड यांच्या कारकिर्दीत या इलाख्यात मध्यवर्ती भट्ट्यांची पद्धत रूढ झाली. गावोगावच्या व घरोघरच्या भट्ट्या बंद करून मद्य ठरावीक ठिकाणी गाळायचे, कर तेथेच वसूल करायचा आणि मक्तेदाराच्या दुकानातून ते विकायचे, अशी ही रचना होती. ताडीवर झाडागणिक कर बसला. उत्तर कोकणाच्या बाबतीत मद्यनिर्मितीचे केंद्र उरण होते. तेथील भट्ट्या मुख्यतः पारशी व्यावसायिकांच्या हाती होत्या आणि तेथे लागणारी मोहफुले गुजरातेतून, विशेषतः पंचमहालातून येत.

तरीही झाडे जंगलात होती आणि फुले दर चैत्रात गळत होती. तेव्हा १८९२ मध्ये ठाणे व कुलाबा जिल्ह्यांना लागू होणारा मोहफुलांविषयीचा स्वतंत्र कायदा करण्यात आला. फुले गोळा करणे, बाळगणे व नेणे यांवर त्याने निर्बंध घातले. दारू नव्हे, दारूचा कच्चा माल; आणि तोही असा की जो लोकांचे अन्न होता. ठाण्याच्या डोंगरातील बाईने वेचलेले फूल संशयास्पद ठरले आणि पंचमहालचे फूल आगगाडीने व गलबताने येऊन उरणच्या भट्टीत कायदेशीर झाले. या विसंगतीकडे इतिहासकारांचे लक्ष गेले नाही असे नाही. डेव्हिड हार्डिमन यांनी दक्षिण गुजरातच्या व इंद्रा मुन्शी सालढाणा यांनी ठाणे जिल्ह्याच्या संदर्भात मद्यपानाची रूढी गुन्ह्यात कशी परिवर्तित झाली याचे मौलिक विवेचन केले आहे. त्यांचा भर पिण्यावर आहे. प्रस्तुत लेखकास गाळण्याच्या कौशल्याचे काय झाले, हा प्रश्न त्याच्या शेजारी ठेवावासा वाटतो.

जव्हार-मोखाड्याच्या दृष्टीने यात एक विशेष बाब आहे. जव्हार हे मुकणे घराण्याचे संस्थान होते. ब्रिटिश अमलात त्याचे क्षेत्र सुमारे ३१० चौरस मैल होते. मोखाडा मात्र शहापूर तालुक्याचा पेटा म्हणून थेट ब्रिटिश मुलखात मोडत होता. दोन्हीकडे जंगल तेच, माणसे त्याच कुळांची, सोयरिकी एकमेकांत. इलाख्याचा कायदा संस्थानात आपोआप लागू होत नसे. अशा सीमांवरून दारू व फुले ब्रिटिश मुलखात येतील ही भीती अबकारी खात्याला सदैव वाटे, आणि म्हणून संस्थानांनी आपली अबकारी व्यवस्था इलाख्याशी जुळती ठेवावी, असा आग्रह सर्वत्र धरला गेला. मोहाच्या झाडाला अर्थातच ही रेषा ठाऊक नव्हती. १९४८ मध्ये जव्हार संस्थान विलीन होऊन ठाणे जिल्ह्यात आले आणि ती रेषा पुसली गेली. परंतु तोवर दारूबंदीचे धोरण पक्के झाले होते. १९४९ च्या मुंबई दारूबंदी अधिनियमाने दोन्ही बाजूंना एकाच कक्षेत आणले. करासाठी जे रोखले होते ते आता नीतीसाठी रोखले गेले.

देवीची आज्ञा :

येथवरचे विवेचन वाचून लेखक मद्यपानाचे समर्थन करीत आहे, असा ग्रह होण्याचा संभव आहे. तो दूर करण्यासाठी १९२२ चे स्मरण करणे आवश्यक आहे. त्या वर्षी ठाण्याच्या किनाऱ्यावरील मासेमारी करणाऱ्या कोळी वस्त्यांतून, देवीच्या रोगाच्या भीतीशी निगडित अशा विधीतून एक चळवळ उठली व डोंगरपट्ट्यातून उत्तरेकडे दक्षिण गुजरातपर्यंत पसरली. अंगात आलेल्या व्यक्तीच्या तोंडून देवी आज्ञा देई. दारू सोडा, ताडी सोडा, मांस सोडा, रोज अंघोळ करा. दक्षिण गुजरातेत या आज्ञांबरोबर पारशी दारूविक्रेत्या व जमीनदारांकडे काम न करण्याची आज्ञाही आली. ज्या दुकानदाराकडे दारूचे कर्ज होते त्याच्यापासून सुटका, हा तिचा ऐहिक अर्थ होता.

म्हणजे आदिवासींनी दारू सोडण्याचा निर्णय स्वतः घेतल्याची नोंद इतिहासात आहे, आणि तो कोणत्याही कायद्याने घडविलेला नव्हता. घरात गाळलेली दारू सणाला, लग्नाला, मयताला आणि देवाला लागे. दुकानातली दारू उधारीवर व रोज मिळे. पहिलीवर ऋतूचे, फुलांच्या साठ्याचे आणि गाळणारीच्या कष्टाचे बंधन होते. दुसरीवर यांतील एकही बंधन नव्हते. दारूने उद्ध्वस्त झालेली घरे या दोन्ही तालुक्यांत आहेत, आणि त्यांचा सर्वाधिक भार स्त्रियांनी वाहिला आहे. याबाबत लेखकाच्या मनात संदिग्धता नाही. मात्र हे नुकसान मडक्याने किती केले आणि उधारीच्या वहीने किती, याचा हिशेब वेगवेगळा मांडला गेला पाहिजे.

भीतीचे रसायन :

बेकायदा ठरल्यानंतर तंत्र बदलते, ही बाब अभ्यासकांकडून फारशी नोंदली गेलेली नाही. पकडले जाण्याची भीती असेल तर आंबवणास पाच दिवस देणे परवडत नाही. म्हणून नवसागर आला. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड; त्यातील नत्र यीस्टला मिळते व किण्वनाला वेग येतो. मोहफूल बाळगणे जोखमीचे, म्हणून काळा गूळ आला. मडके फुटते व जड असते, म्हणून प्लॅस्टिकचे पिंप आले. ओढ्याकाठी मडके पुरण्याची जुनी पद्धत तेवढी राहिली, पण तिचा हेतू पालटला. पूर्वी ते उष्णतेपासून लपविले जाई, आता पोलिसांपासून. वृत्तपत्रांत ‘गावठी दारूचे रसायन नष्ट’ अशी बातमी येते तेव्हा तो ‘रसायन’ हा शब्द अनवधानाने अचूक असतो. फूल, हवा आणि हात यांच्या जागी खरोखरच रसायन आलेले असते.

याच संदर्भात विषारी दारूच्या दुर्घटनांचाही विचार करावा लागेल. मुंबईत मालवणी येथे जून २०१५ मध्ये शंभरहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. अशा प्रसंगी हातभट्टीविरुद्ध जनमत तयार होते व ते स्वाभाविकच आहे. परंतु तेथे मरण मिथेनॉलने आले, आणि ते औद्योगिक वापराचे मिथेनॉल मिसळल्यामुळे. मोहफुलांच्या किण्वनातून एवढ्या प्रमाणात मिथेनॉल निर्माण होत नाही. मारणारे द्रव्य कारखान्यातून आले होते, बदनामी मात्र भट्टीच्या वाट्याला आली.

अलीकडच्या काळात धोरणाची दिशा बदलू लागली आहे. जव्हार व मोखाडा हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात. १९९६ च्या पेसा कायद्याने गौण वनोपजाची मालकी आणि मादक पदार्थांवर बंदी अथवा नियमन करण्याचा अधिकार ग्रामसभेच्या कक्षेत आणला. मद्य हवे की नको हे गावाने ठरवावे, ही कल्पना १९२२ च्या घटनेशी अधिक जवळची आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपज गोळा करण्याचा व विकण्याचा हक्क मान्य केला. २०१४ मध्ये पालघर जिल्हा स्वतंत्र झाला. २०२१ मध्ये राज्य शासनाने मोहफुले गोळा करण्यावरील व साठविण्यावरील निर्बंध शिथिल केले. म्हणजे १८९२ मध्ये संशयित ठरलेले फूल सुमारे एकशे एकोणतीस वर्षांनी मोकळे झाले. त्यापाठोपाठ एप्रिल २०२२ मध्ये काजूबोंडे, मोहफुले आदींपासून राज्यात तयार होणाऱ्या मद्यास ‘देशी’ या वर्गातून काढून ‘विदेशी मद्य’ या वर्गात घेण्याचा निर्णय झाला. जव्हारच्या मोहाला प्रतिष्ठा मिळण्यासाठी विदेशी व्हावे लागले, या शब्दयोजनेवर भाषेच्या प्राध्यापकांनी स्वतंत्र निबंध लिहावा.

हा निर्णय परवानाधारक कारखानदारासाठी आहे. त्याच्याकडे शीतयंत्र असेल, पाकिटातले कोरडे यीस्ट असेल आणि तापमापक असेल. त्याचे मद्य बाटलीत भरले जाईल व त्यावर वारली चित्रही छापले जाईल. वापरातल्या मडक्यातून आंबवण कसे सुरू होते, बुडबुडे कधी मंदावतात, वरचे पाणी कितव्यांदा बदलायचे आणि धार कुठे तोडायची, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांपैकी बहुतेक आता सत्तरीच्या पुढच्या स्त्रिया आहेत. त्यांच्याकडे वही नाही, आणि त्यांच्या नातवंडांना या विषयावर बोलण्याची लाज वाटते. प्रस्तुत लेखकाने ही माहिती विद्यार्थ्यांकडून लिहून घेण्याचा प्रयत्न केला तेव्हा पहिला प्रश्न विचारला गेला तो असा की, वहीवर नाव घालावे लागेल का. तो प्रश्न वाजवी होता. १९४९ च्या अधिनियमातील कलम ६५ अद्याप लागू आहे, आणि परवान्याशिवाय मद्य गाळण्यासाठी भांडी वा साहित्य बाळगणे हाही त्या कलमाखाली गुन्हाच आहे. त्या वह्या नावाशिवाय जमा करून घेतल्या.